सूनबाईंचा सत्तेचाळीस नंबर

तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई आकडे लावतात, ही बातमी आमच्या इमारतीत पहिल्यांदा कुणी आणली याचा शोध काही लागला नाही. लागणार कसा? ज्यांनी आणली त्यांनीच शोध घ्यायचं काम अंगावर घेतलं होतं. पुरावा मात्र भक्कम होता. संध्याकाळी सूनबाई जिना चढून घरात शिरल्या, की चपला काढायच्या आत सासूबाईंचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू यायचा, "काय गं, आज कुठला होता? एकेचाळीस? गेला का तोपण? जाऊ दे, बेचाळीस लागेल बघ!"

आता शहाण्या माणसानं याचा काय अर्थ घ्यावा? पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी घ्यायचा तोच घेतला, आणि गुपचूप बेचाळीस शेवटी येणारं लॉटरीचं तिकीट काढलं. ते काही लागलं नाही. तेव्हापासून ते सूनबाईंशी घुश्श्यात होते, आणि त्या बिचारीला कारणच ठाऊक नव्हतं.

उलगडा झाला तो तळमजल्यावरच्या शिलाईच्या दुकानात. दुकान सूनबाईंच्या नवऱ्याचं. त्यांना सगळे शिंपीदादा म्हणतात. पोस्टमास्तर पॅंटची कंबर सैल करून घ्यायला आले होते. आरशासमोर पोट आत ओढून उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, रागावू नका, पण घरातल्या बाईमाणसानं असं आकड्यांच्या नादी लागावं..." शिंपीदादांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना नुसतं "हं" म्हणता आलं. हा "हं" पोस्टमास्तरांनी कबुलीजबाब म्हणून जमा करून घेतला असता. पण कोपऱ्यात स्टुलावर सासूबाई काजं करत बसल्या होत्या.

"आकडे?" सासूबाई कडाडल्या. "अहो, ती आकडे लावत असती तर मी या वयात तुमच्या पॅंटींची काजं करत बसले असते का? औषधं बनवते ती! क्षयाची! एकेका औषधाला नंबर असतो. लागला म्हणजे जंतू मेला, गेला म्हणजे औषध मेलं. कळलं का? आणि पोट सोडा आता, माप चुकतंय."

पोस्टमास्तरांनी पोट सोडलं आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त बातमी सगळ्या जिन्यावर पोचली. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली. आकडे लावणारी शेजारीण असण्यात जी मजा आहे ती औषधं बनवणारीत कुठून येणार, असं सगळ्यांना वाटलं. ते किती खोटं होतं हे पुढे कळलंच.

सासूबाईंच्या आवाजाचंही सांगून टाकायला हवं. त्यांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, उजव्यानं मर्जी असेल तेवढं. विशीत त्यांना क्षय झाला होता. तेव्हाची इंजेक्शनं जालीम. छाती बरी केली आणि जाता जाता कान घेऊन गेली. सासूबाई याबद्दल रडगाणं गात नाहीत. "सौदा वाईट नव्हता," म्हणतात, "लग्नानंतर नवऱ्याचं घोरणं फुकटात टळलं." पण ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्यानं बोलतो, म्हणून त्या घरातली कुठलीच गोष्ट चार भिंतींत राहत नाही. शेजाऱ्यांना कान टवकारायचेसुद्धा कष्ट नाहीत.

सूनबाईंना सूनबाई हे नाव सासूबाईंच्या मोठ्यानं मारलेल्या हाकेमुळेच पडलं. वय चाळीसच्या पुढे, डोक्यात रसायनशास्त्राची मोठी पदवी, पण अख्खी इमारत त्यांना सूनबाईच म्हणते, अगदी त्यांच्यापेक्षा लहान असलेला दूधवालासुद्धा. त्या चिडत नाहीत. चिडायला वेळच नसतो, कारण डोक्यात सतत कुठला ना कुठला नंबर शिजत असतो.

आता हे काम काय असतं? एकदा दुकानात सासूबाईंनीच विचारलं, "रोज नवं औषध कशाला गं बनवतेस? जुनी काय संपली?"

"संपली नाहीत, आई, त्याला सवयीची झाली," सूनबाई म्हणाल्या. "हा जंतू म्हणजे एक नंबरचा चिवट भाडेकरू. फुफ्फुसात खोली घेतो आणि मग निघायचं नाव नाही. अंगात मेणाचा कोट. औषध त्याच्यावरून घसरून जातं. नोटीस आली की झोपेचं सोंग घेतो, महिनोन्‌महिने. आणि जुन्या नोटिसा आता त्याला तोंडपाठ झाल्यात. म्हणून नवीन कागद, नवीन भाषा."

"आणि ती नवीन भाषा तू कुठून आणतेस?"

"तुमचा मुलगा काय करतो तेच करते. एक कपडा अंगाला बसत नाही, म्हणून उसवायचा. बाही थोडी आखूड करायची, कॉलर काढून टाकायची, इथे एक बटण, तिथे एक चुणी. माझ्या कपड्याला अणूंचे तुकडे असतात, एवढंच. कोटाच्या आत शिरला पाहिजे, जंतूच्या नाड्या आवळल्या पाहिजेत, आणि माणसाला मात्र खुपता कामा नये."

"कानालाही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कानाला तर नाहीच," सूनबाई म्हणाल्या, आणि उगाचच सुईत दोरा ओवायला लागल्या.

शिंपीदादांनी मात्र एक शंका काढली. "माप न घेता शिवता तुम्ही लोक. गिऱ्हाईक डोळ्यांनी दिसत नाही, उभं राहत नाही, वर बिल देत नाही."

"आणि शिवलेलं आवडलं नाही तर मरत नाही, जिवंत राहून दाखवतं," सूनबाई म्हणाल्या. यावर सगळे हसले. पण एकापासून सेहेचाळीसपर्यंत त्यांचं प्रत्येक गिऱ्हाईक असंच जिवंत राहून दाखवत आलं होतं, हे त्या हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही.

सूनबाईंची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला वाफा ओढून घेणारी काचेची कपाटं, त्यांचा दिवसभर घुंऽऽ आवाज. एका बाजूला फिरता चंबू, त्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. कोपऱ्यात फ्रिज, त्यावर पाटी, "यात जेवण ठेवू नये." खाली कुणीतरी पेनानं जोडलंय, "यातलं जेवूही नये." या खोलीत सूनबाईंची एका गोष्टीसाठी ख्याती होती, आणि थोडी दहशतही. त्यांचा माल पांढराशुभ्र असायचा. औषध बनवून झालं की ते गरम द्रावकात विरघळवायचं, गार करायचं, स्फटिक गाळायचे, पुन्हा विरघळवायचं. दुसरे एकदा करतात तिथे या तीनदा करणार. चंबूतली हवासुद्धा त्या हाकलून देत आणि तिथे नायट्रोजन भरत, कारण हवा म्हणजे आगंतुक, कशात तोंड घालेल सांगता येत नाही. शेवटी जी पूड उरायची ती अशी लखलखीत, की बाटली उजेडात धरली तर डोळे दिपावेत. किंचित पिवळट झाक दिसली, की सूनबाईंचा चेहरा उतरायचा. "मळकट," म्हणायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून.

सत्तेचाळीस नंबर असाच तयार झाला. शुभ्र, सुईसारखे स्फटिक. त्यातलं चिमूटभर द्रावकात विरघळवून त्यांनी इवल्या बाटलीत भरलं, चिठ्ठी लावली आणि जंतुवालीकडे धाडून दिलं.

जंतुवाली ही सूनबाईंची मैत्रीण. दोन बंद दारांच्या पलीकडे, तोंडावर मुखवटा चढवून, ती खऱ्याखुऱ्या क्षयाच्या जंतूंचा सांभाळ करते. पोटच्या पोरांसारखा करते म्हणा ना, कारण ते मरगळले तर तिला काळजी आणि माजले तर जगाला. तिची परीक्षा दिसायला सोपी. हाताच्या पंज्याएवढी प्लास्टिकची ताटली, तिला बारीक बारीक खळगे. प्रत्येक खळग्यात जंतू आणि औषध, एका टोकाला भरपूर, दुसऱ्या टोकाला नावापुरतं. आठवडाभरानं वर निळ्या रंगाचा थेंब. जंतू जिवंत असतील तर ते निळ्याचं गुलाबी करून टाकतात. मेले असतील तर निळं निळंच राहतं. इतक्या वर्षांत सूनबाईंना गुलाबी रंगाचा असा तिटकारा बसला होता, की गुलाबी साडी कुणी भेट दिली तर त्या सासूबाईंच्या कपाटात सारायच्या.

पण सत्तेचाळीसची पाळी यायला उशीर लागला. जंतुवालीच्या खोलीतली हवा बाहेर ओढणारा पंखा बिघडला आणि दुरुस्तीवाल्यांनी महिनाभर घोळ घातला. शेवटी एकदाची ताटली लागली, आठवडा गेला, आणि एका दुपारी सूनबाईंचा फोन वाजला.

"खाली बस," जंतुवाली म्हणाली.

"बसलेय. गुलाबी?"

"अगं निळं! निळंशार! अर्धी ताटली निळी आहे, मी तीनदा चष्मा पुसला!"

सूनबाई त्या दिवशी जिना चढल्या नाहीत, जिन्यावरून धावल्या. दारातच सासूबाईंनी विचारलं, "कुठला?" आणि सूनबाई ओरडल्या, "सत्तेचाळीस लागला, आई!" सासूबाईंनी तो पहिल्या झटक्यात ऐकला, त्या उजव्या कानानं! पोस्टमास्तर खालच्या जिन्यात टोपी काढून उभे होते. दुरुस्त बातमी माहीत असूनही त्यांनी सवयीनं विचारलं, "किती लागलं?"

आता विभागप्रमुखांची ओळख करून देतो. त्यांना सगळे पणसाहेब म्हणतात, कारण त्यांचं कुठलंही वाक्य "पण"शिवाय पुरं होत नाही. माणूस वाईट नाही. फक्त आनंदाच्या बातमीला ते आधी छत्री उघडतात.

"अभिनंदन, बाई, पण," ते म्हणाले, "एका ताटलीनं काय होतं? नवीन माल बनवा, भरपूर बनवा, शुद्ध बनवा. तोही निळा निघाला तर उंदरांवर प्रयोग करायच्या कागदावर मी सही करतो. पण नाही निघाला तर... वरून विचारणा झालीच आहे. इतकी वर्षं, इतके नंबर, हाती काही नाही. क्षयाचं काम बंद, आणि तुम्हाला टाचांच्या भेगांच्या मलमाकडे पाठवायचं, असं वरच्यांनी ठरवलंय. मलम चांगलं खपतं, म्हणतात."

भेगांचं मलम! सूनबाईंनी मान डोलावली आणि बाहेर येऊन दार इतक्या हळू लावलं, की पणसाहेबांना आतून त्या रागावल्याचं बरोबर कळलं.

मग सूनबाईंनी पदर खोचला. नवा सत्तेचाळीस असा बनवला, की तसा पांढरा रंग खुद्द बर्फालाही जमला नसता. तीनदा नाही, चारदा स्फटिक केले. हवेला चंबूच्या आसपास फिरकू दिलं नाही. ताज्या बाटलीत भरून स्वतः दोन दारांपर्यंत नेऊन दिला. पंखा आता सुरू होता, म्हणून जंतुवालीनं त्याच दिवशी ताटली लावली.

आठवड्यानं फोन आला. जंतुवाली आधी पंखा कसा छान चालतोय तेच सांगत बसली.

"अगं, निकाल सांग की."

"गुलाबी."

"किती?"

"सगळी. पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत. जंतूंनी मजा मारलीय तुझ्या सत्तेचाळीसवर."

पणसाहेब म्हणाले, "वाईट वाटतं, बाई, पण पहिला निकाल चुकून आला असणार. सोमवारी मी बंद करायचा कागद वर पाठवतो." आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, कारण पुढचा "पण" त्यांना सापडला नाही.

आता चूक कुणाची? या प्रश्नावर दोन मैत्रिणींचं असं भांडण जुंपलं, की ते ऐकायला दोन विभागांतली माणसं उगाचच फायली घेऊन त्या वाटेनं जायला लागली.

"तुझी पहिली ताटलीच नासकी होती," सूनबाई म्हणाल्या. "पंखा बंद, खोली बंद, जंतू आधीच मरगळलेले. माझ्या औषधानं काय मारलं? ते मरायलाच टेकले होते!"

"माझे जंतू मरगळलेले?" जंतुवालीनं कमरेवर हात ठेवले. "शेजारच्या खळग्यांत औषध नव्हतं, तिथे भकाभक गुलाबी झालं होतं! तुझीच दुसरी बाटली पाण्याची असेल!"

"माझी बाटली पाण्याची? मी चार वेळा..."

"हो हो, चार वेळा धुतलीस! सगळ्या जगाला माहितीय! धुता धुता औषधही धुऊन टाकलंस!"

हे वाक्य जंतुवाली रागाच्या भरात बोलून गेली. त्या क्षणी दोघींपैकी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

"मला पहिली बाटली दाखव," सूनबाई म्हणाल्या. "भलत्याच कुणाची उचललीस की काय, बघू दे."

"दाखवते! दाखवतेच!" जंतुवाली तरातरा आत गेली आणि बाटली आणून सूनबाईंच्या नाकासमोर धरली. "ही घे. चिठ्ठी तुझी, अक्षर तुझं, नंबर तुझा!"

सूनबाईंनी बाटली हातात घेतली आणि खिडकीकडे धरली.

आतलं द्रावण पिवळं होतं. मळकट नाही, पिवळट नाही, चांगलं झेंडूच्या पाकळीसारखं पिवळं.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या. "माझं पिवळं नसतं."

"अगं, चिठ्ठी..."

"चिठ्ठी माझी. रंग माझा नाही. कुठे ठेवली होतीस ही महिनाभर?"

जंतुवाली जरा चाचरली. "पंख्याच्या दुरुस्तीसाठी वीज तोडली होती ना, मग फ्रिजही बंद. म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ऊन यायचं थोडं. झाकणही जरा सैल असेल... ए, अशी बघू नकोस, मला काय माहीत!"

पण सूनबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाटलीकडे बघत होत्या. आयुष्यभर जो रंग दिसला की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या, तोच रंग बाटलीत आरामात बसला होता. आणि अर्धी ताटली मारली होती ती याच बाटलीनं. पांढऱ्यानं नव्हे.

"अगं," सूनबाईंचा आवाज बदलला, "पांढरा सत्तेचाळीस निरुपयोगी आहे. मी त्याच्याच मागे लागले होते. मारणारा हा आहे!"

"हा म्हणजे कोण?"

"तेच तर बघायचंय, चल!"

पुढचे तीन तास सूनबाईंना कुणी हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती, सासूबाईंनीसुद्धा. आधी काचेच्या छोट्या पट्टीवर त्यांनी थेंब टेकवला आणि पट्टी द्रावकात उभी केली. द्रावक पट्टीवर चढतो आणि थेंबातले पदार्थ आपापल्या वकुबाप्रमाणे वर सरकतात. एक ठिपका दिसला तर माल शुद्ध, दोन दिसले तर भेसळ. दोन दिसले! एक खालचा, जांभळ्या दिव्याखाली दिसणारा, ओळखीचा. दुसरा वरचा, नुसत्या डोळ्यांनीही दिसेल असा पिवळा. मग त्यांनी उंच काचेच्या नळीत पदार्थ वेगळे करणारी पांढरी पूड भरली आणि बाटलीतलं उरलंसुरलं वरून ओतलं. नळीतून पिवळा पट्टा हळूहळू खाली यायला लागला. सूनबाई त्या पट्ट्यासमोर अशा उभ्या, जशी शाळेच्या फाटकाशी आई उभी असते. पट्टा बाहेर आला, बाटलीत उतरला, वजन काढणाऱ्या यंत्रात गेला. हे यंत्र एकेका रेणूचं वजन सांगतं. आकडा उमटला. सत्तेचाळीसपेक्षा बरोबर दोननं कमी.

दोननं! सूनबाईंनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. हायड्रोजनचे दोन अणू गायब. हवेतल्या प्राणवायूनं आणि उन्हानं मिळून ते उतरवून नेले होते. ते दोघं होते तोवर रेणू मधोमध फुगलेला, वाकडा. ते गेले आणि रेणू बसला सपाट, कागदासारखा. आणि सपाट कागद कुठल्याही फटीतून सरकतो.

घरी जाऊन त्यांनी शिंपीदादांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दोन बटणं तुटली आणि कोट अंगाला बसला?"

"अगदी तसंच!"

"मग इतके दिवस ती बटणं घट्ट कोण शिवत होतं?"

"मीच की हो!" सूनबाई म्हणाल्या, आणि त्या दोघांचं हसणं बघून सासूबाई म्हणाल्या, "मला सांगणार का कुणी, की मी उगाचच हसू?"

पण हसून काम भागणार नव्हतं. बाटलीतला पिवळा माल संपला होता, सोमवार तोंडावर आला होता आणि ताटलीला आठवडा लागतो म्हणजे लागतोच. जंतूला घाई कर म्हणून कुणी सांगू शकत नाही. सूनबाई पणसाहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, तो कागद एक आठवडा थांबवा."

"थांबवेन, बाई, पण वर काय सांगू?"

"सांगा, पेन संपलंय."

"पण आठवडाभर?"

"मग सांगा, शाई वाळायला ठेवलीय."

पणसाहेबांनी कागद खणात ठेवला, खणाला किल्ली लावली आणि म्हणाले, "एकच आठवडा. पण मी तुम्हाला काही बोललो नाही."

आता सूनबाईंनी जे केलं ते बघून प्रयोगशाळेतल्या लोकांनी एकमेकांना चिमटे काढले. ज्या बाईनं जन्मभर हवेला चंबूत येऊ दिलं नाही, तीच बाई पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेली आणि माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप घेऊन आली. "कुठले मासे पाळलेत?" दुकानदारानं विचारलं. "अजून ठरलं नाही, आधी हवा चालते का बघू," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी पांढरा सत्तेचाळीस विरघळवला, चंबू खिडकीत उन्हाला ठेवला, पंपाची नळी आत सोडली आणि बुडबुडे सुरू केले. बुडबुड-बुडबुड! चंबूत हवा धो धो शिरतेय आणि सूनबाई शेजारी उभ्या राहून तिचं कौतुक करतायत. "ये, ये बाई, तुझंच घर आहे!" दुपार कलेपर्यंत द्रावणावर लिंबाच्या सालीची छटा आली, दुसऱ्या दिवशी ते झेंडूसारखं झालं. स्फटिक पडले तेही पिवळे. पट्टीवर ठिपका एकच. हे काही मळलेलं नव्हतं, शुद्धच होतं. फक्त शुद्ध म्हणजे पांढरं, ही सूनबाईंची समजूत तेवढी खोटी ठरली होती.

या वेळी जंतुवालीनं दोन ताटल्या लावल्या. एकीत जंतू. दुसरीत, शेजारच्या खोलीत, माणसाच्या यकृताच्या पेशी. कारण जंतूला मारणारं विष तर कुठल्याही दुकानात मिळतं, प्रश्न असतो तो माणूस वाचतो का याचा. पहिली ताटली निळी हवी, दुसरी गुलाबी. आयुष्यात पहिल्यांदा सूनबाईंना गुलाबी रंग हवासा वाटत होता.

तो आठवडा आमच्या जिन्यानं कसा काढला ते जिन्यालाच ठाऊक. पोस्टमास्तर सकाळी वर्तमानपत्र आणायच्या निमित्तानं दोनदा खाली, आणि परत वर जायच्या निमित्तानं तिसऱ्या मजल्यापर्यंत. दूधवाला बाटल्या ठेवून पाच मिनिटं उगाच जिना मोजणार. शिंपीदादांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला एक बाही पुढची आणि एक मागची लावली. सासूबाई तर चक्क गप्प होत्या. अख्ख्या इमारतीला ती शांतता असह्य झाली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आजी, काहीतरी ओरडा हो, घर सुनंसुनं वाटतंय."

"ओरडीन," सासूबाई म्हणाल्या, "पण एकदाच, आणि कामाचं."

निकालाच्या दिवशी सूनबाई दोन दारांच्या अलीकडे काचेला नाक लावून उभ्या होत्या. आत जंतुवाली मुखवट्यात, हातमोज्यांत, ताटलीवर वाकलेली. ती सरळ झाली आणि वळली. मुखवट्यामुळे चेहरा कळेना. तिनं ताटली अलगद काचेच्या जवळ आणली.

निळी. पहिला खळगा निळा, दुसरा निळा, पुढचा निळा, अगदी शेवटी जिथे औषध नुसतं नावापुरतं होतं तिथपर्यंत निळी. पहिल्यांदा अर्धी ताटली निळी झाली होती, कारण बाटलीत पिवळा अर्धाच होता. आता सगळाच पिवळा होता. फक्त औषध न घातलेले खळगे गुलाबी, म्हणजे जंतू धडधाकट होते आणि मेले ते औषधानंच. सूनबाईंनी काचेवर हात आपटले. आतून जंतुवालीनं दुसरीकडे बोट दाखवलं, शेजारच्या खोलीकडे. सूनबाई धावल्या. तिथली ताटली गुलाबी! सगळी गुलाबी, छान, टवटवीत. माणसाच्या पेशींना त्या पिवळ्याचं काही वाटलंच नव्हतं.

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "आई, लागला!" आणि मग सासूबाईंनी दिलेला शब्द पाळला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्या असं काही ओरडल्या, की रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

हे सगळं खरं असलं तरी अजून ते औषध नाही, हेही सांगायला हवं. उंदीर बाकी आहेत, मग आणखी कितीतरी पायऱ्या. भलेभले नंबर उंदरांच्याच पिंजऱ्याशी येऊन मान टाकतात. आणि कान वाचेल की नाही हे ताटली सांगत नाही, ते पुढे बघायचं. सूनबाईंना हे सगळ्यात जास्त माहीत होतं. तरी त्या पणसाहेबांच्या खोलीत शिरल्या तेव्हा दार वाजवायला विसरल्या.

पणसाहेबांनी दोन्ही ताटल्यांचे फोटो बघितले. उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. खणाची किल्ली फिरवली, बंद करायचा कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि उंदरांचा कागद समोर ओढून पेन उघडलं. पण सवय कुठे जाते? चष्मा खाली सरकवून ते म्हणाले, "छान झालं, बाई, फारच छान. पण खरं बोलायचं तर हे औषध तुम्ही बनवलंच नाही. हवेनं बनवलं. मग कागदावर नाव कुणाचं घालू?"

सूनबाई म्हणाल्या, "हवेचं घाला, साहेब, मला चालेल. उंदीर मात्र आजच मागवा."